अफिएमी म्हणजे सोडणं

मी एक पुलपिट बोलतोय. चर्चमध्ये पाळक ज्याच्यामागे उभे राहून उपदेश करतात ना, तो छातीएवढ्या उंचीचा लाकडी कट्टा. वर उतरती फळी, तिच्यावर पवित्र शास्त्र उघडून ठेवायचं. खाली एक कप्पा, त्यात पाण्याचा पेला आणि माइकचं बटण. माणसं माझ्याकडे तोंड करून बसायची, म्हणून त्यांचे चेहरे मला पाळकाइतकेच पाठ आहेत.

त्या चेहऱ्यांतला एक चेहरा स्वरूपाचा. मला तिची गोष्ट सांगायची आहे. आणि तिच्यासोबत एका ग्रीक शब्दाची, कारण तो शब्द मधे आला नसता तर तिचं आयुष्य वेगळं झालं असतं.

आधी माझं थोडक्यात सांगतो. मी मूळचा खोका. चाकणला साहेबरावांचा पत्र्याचे भाग बनवायचा कारखाना होता. त्यांनी परदेशातून एक नवी प्रेस मागवली. प्रेस म्हणजे पत्र्यावर जोराचा ठोका मारून भाग कापणारं यंत्र. ते यंत्र ज्या खोक्यात बसून आलं, तो खोका मी. यंत्र बाहेर निघालं आणि मी शेडच्या मागे उन्हात पडलो. तिथे महाळुंग्याच्या भैरू सुताराची नजर माझ्यावर गेली.

"लाकूड लई ग्वाड हाय साहेब. चुलीत नगा घालू," भैरू म्हणाला. "कायतरी घडवून देतो."

"आमच्या चर्चला पुलपिट करून दे मग."

"त्ये काय असतं?"

"त्याच्यामागं उभं राहून बोलायचं असतं."

"म्हंजी गावच्या सभेवानी व्हय? मग जाड फळी लावतो. बोलताना मानसं लई हात आपटत्यात."

भैरूनं मला घडवलं, रंधा मारला, पॉलिश केलं. आतल्या बाजूला खोक्यावरची छत्रीची आणि पेल्याची काळी खूण तेवढी राहिली. सांभाळून उचला, असा तिचा अर्थ.

आमचं चर्च म्हणजे चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर टायरच्या दुकानावरचा एक हॉल. खाली ट्रकची चाकं खोलायचे, वर गाणी चालायची. मंडळी सगळी बाहेरून आलेली. कुणी नगरकडची, कुणी जालन्याची, कुणी बीडची. कंपन्यांच्या शिफ्टा बघून रविवारची उपासना ठरायची. रात्रपाळीहून थेट आलेली माणसं मागच्या खुर्च्यांवर बसून डुलक्या घ्यायची आणि 'आमेन' म्हणायच्या वेळी बरोबर जागी व्हायची.

पाळक होते पास्टर सनी. तिशीतला माणूस, हसरा. पुण्यात शिकून आलेला, ग्रीक येणारा. शिकलेपणाचा तोरा नव्हता. कुणाच्या घरी गॅस संपला तरी स्वतः सिलिंडर खांद्यावर घेऊन जायचा. लोकांचा त्याच्यावर जीव होता आणि त्यालाही ते आवडायचं. जरा जास्तच आवडायचं, असं मला पुढे कळलं.

साहेबराव मंडळीचे प्रमुख वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे ज्येष्ठ. हॉल त्यांनी मिळवून दिलेला, माइक त्यांचा, खुर्च्या त्यांच्या, मीही त्यांचाच. समोर बसणाऱ्यांपैकी निम्मी माणसं त्यांच्याच शेडमध्ये कामाला. स्वतः ते ऑपरेटर म्हणून सुरुवात केलेले. डाव्या करंगळीचं टोक तरुणपणी प्रेसखाली गेलेलं. ते बोट सगळ्यांना दाखवायचे आणि म्हणायचे, "मशीन आपलं दान घेतंच. मग पावतं."

स्वरूपा तिथेच कामाला होती. जालन्याकडून आई सुभद्राबाईसोबत आलेली. बाप नव्हता. सुभद्राबाई शनिवारी हॉल झाडायला यायची, मला ओल्या फडक्यानं पुसायची आणि पुसता पुसता लेकीच्या तक्रारी सांगायची. "लई बोलती बाप्पा ही पोरगी. सासरी कसं नांदावं हिनं?"

बोलायची हे खरं. बुधवारी संध्याकाळी तरुणांचा शास्त्रवर्ग असायचा. एका बुधवारी सनीनं पांढऱ्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: अफिएमी.

"नवा करार मुळात ग्रीकमध्ये लिहिलेला," तो म्हणाला. "आपण मराठीत 'क्षमा करणे' वाचतो, तिथे बऱ्याच ठिकाणी मूळ शब्द हा आहे. अफिएमी. साधा अर्थ, सोडणं. जाऊ देणं. कोळ्यांनी जाळी सोडली आणि प्रभूच्या मागे गेले, तिथे हाच शब्द. पेत्राच्या सासूला तापानं सोडलं, तिथेही हाच. आपण रोजच्या प्रार्थनेत ऋण सोड म्हणतो, तिथेही हाच."

स्वरूपानं हात वर केला. "म्हणजे आपण कुणाला माफ केलं की आपण त्याचा ताप होतो का, पास्टर? सोडून जाणारा?"

सगळे हसले. सनीही हसला. "ताप आपल्याला चढलेला असतो स्वरूपा. रागाचा. आपण माफ केलं की तो उतरतो."

तिला ते पटलं. वर्ग सुटल्यावर ती फळ्यापाशी जाऊन ती अक्षरं हळूच वाचत होती. तोंडात नवी गोळी घोळवावी तशी.

त्यानंतर पावसाळा लागता लागता ते झालं.

रविवारी सुभद्राबाई एकटीच आली. उपासना सुरू व्हायच्या आधी माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि तिनं कपाळ माझ्या पायाला टेकलं. बायका धावल्या. तिच्या तोंडून तुकडे तुकडे बाहेर पडले. नवी प्रेस. घाईचा माल. स्वरूपाचा उजवा हात आत असताना ठोका पडला. चारही बोटं गेली.

"यंत्राला डोळा असतो म्हनं," ती परत परत म्हणत होती. "हात आत गेला की थांबवनारा. मग माझ्या लेकीच्या टायमाला त्यो डोळा कुठं गेला होता?"

तो डोळा म्हणजे सेन्सर. हात आत असेल तर तो प्रेस चालूच देत नाही. हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. तो बंद असतो, हेही माहीत होतं. कुणी काही बोललं नाही. साहेबराव पहिल्या ओळीत मान खाली घालून बसले होते.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी साहेबराव आणि सनी रिकाम्या हॉलमध्ये आले. सनी सवयीनं माझ्यामागे येऊन उभा राहिला. साहेबराव समोरच्या खुर्चीत बसले.

"साहेब, सेन्सर बंद होता का?" सनीनं विचारलं.

"बंद होता. मीच करायला लावला. दर नगाला मशीन अडायचं आणि कंपनीची गाडी दारात उभी. तुमच्यापासून कशाला लपवू?" साहेबरावांनी डोळे पुसले. ते खोटं रडत नव्हते. "झोप उडालीय माझी, पास्टर. लेकीसारखी पोरगी ती."

"मग तिला हेच सांगा. तिची माफी मागा."

"तिच्या पाया पडतो. पण सरकारचा फॅक्टरी इन्स्पेक्टर यायचाय जबाब घ्यायला. तिनं सेन्सरचं नाव घेतलं तर शेडला कुलूप. ह्या खुर्च्यांमधली निम्मी घरं उद्या बसतील. आणि चर्चचा रावेतचा नवा हॉल? पाया घातलाय आपण. तो कोण बांधणार?"



"तुमचं ऐकते ती," साहेबराव म्हणाले. "तुम्ही त्या शब्दावर बोला ना. त्या ग्रीक. पोरंपोरी घरी जाऊन सांगत होती, पास्टर काय सुंदर बोलले म्हणून."

सनीचे दोन्ही तळवे माझ्या फळीवर होते. त्यांचा घाम माझ्या पॉलिशमध्ये मुरला. त्याला नाही म्हणता आलं असतं. हॉलमध्ये तिसरं कुणी नव्हतं, लाज वाटायचं कारण नव्हतं. तो बराच वेळ खिडकीतून खालचे टायर बघत राहिला आणि मग म्हणाला, "येत्या रविवारी नको. तिला दवाखान्यातून घरी येऊ दे आधी."

स्वरूपा घरी आली आणि त्यापुढच्या रविवारी चर्चला. हाताला पांढरं बँडेज, मनगटापासून पुढे एक गोळाच. ती बारीक झाली होती. लोकांनी तिला पहिल्या ओळीत बसवलं. सनी माझ्यामागे उभा राहिला आणि असा बोलला, की त्याच्याइतकं चांगलं बोललेलं मी कुणाला ऐकलं नाही. क्षमेवर बोलला. वधस्तंभावर खिळलेल्या प्रभूवर बोलला, खिळे मारणाऱ्यांना सोडून दे म्हणणाऱ्या. शेवटी त्यानं स्वतःची मूठ हवेत धरली.

"अफिएमी म्हणजे मूठ उघडणं," तो म्हणाला. "कुणाबद्दल राग धरलाय? आवळा मूठ. घट्ट आवळा. आता उघडा. सोडून द्या."

सगळ्या हॉलनं मुठी वर केल्या. सगळ्यांनी उघडल्या. स्वरूपानंही सवयीनं उजवा हात वर केला. तो बँडेजचा गोळा हवेत तसाच राहिला. उघडायला त्यात काही नव्हतं.

ते सनीनं पाहिलं. मला त्याच्या श्वासावरून कळलं. क्षणभर वाटलं, तो थांबेल. पण हॉलमध्ये हुंदके सुरू झाले होते, आणि भरून आलेल्या माणसांपुढून मागे फिरणं त्याला कधी जमलं नाही.

"स्वरूपा, ये बाळा," तो म्हणाला.

ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. साहेबराव उठून आले, त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "माझ्या शेडमध्ये झालं. मला माफ कर, पोरी." सेन्सर हा शब्द त्यांनी काढला नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग माइकजवळ तोंड नेऊन म्हणाली, "मी सोडते."

टाळ्या पडल्या. सुभद्राबाईनं डोळ्याला पदर लावला. मागच्या ओळीतली रात्रपाळीवाली माणसंही त्या दिवशी जागी होती.

उपासना संपल्यावर लोक चहाला खाली गेले. स्वरूपा सनीपाशी थांबली.

"पास्टर, माफ केलं मी. मनापासून. पण इन्स्पेक्टरनं विचारलं तर खरं सांगायचं ना?"

सनी माझ्यावरचं शास्त्र मिटत होता. "त्या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, स्वरूपा. 'असू दे.' प्रभूनं तोही वापरलाय."

"म्हणजे सांगू नको?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलं?"

"असू दे, एवढंच."

 विश्वास ठेवायचा की नाही, हे ती ठरवत नव्हती. तो तर होताच. त्याचं काय करायचं, एवढंच ती ठरवत होती.

जबाबात तिनं सांगितलं, सेन्सर चालू होता, घाईत मीच त्याच्या बाजूनं हात आत घातला. डाव्या हातानं सही केली. सुभद्राबाई मला पुसता पुसता म्हणाली, "बालवाडीतल्या लेकरावानी सही आली बघ. तरी साहेब म्हनले, शाब्बास." साहेबरावांनी तिला पॅकिंगला घेतलं आणि शब्द दिला, की आजपासून सेन्सर बंद ठेवणार नाही.

माणसांची एक सवय मी पाहिली आहे. ज्यानं माफ केलं, त्याच्याकडे ती काही दिवस फार प्रेमानं बघतात. मग हळूहळू त्याच्याकडे बघणंच टाळतात. स्वरूपाच्या बाबतीत तेच झालं. आधी लोक तिच्यासाठी खुर्ची धरायचे. पुढे ती आली की खुर्च्या आपोआप भरलेल्या असायच्या.

मंडळीतल्या शालनबाईची लेक पूनम तेव्हा नुकतीच शेडमध्ये कामाला लागली होती. हसली की तोंडावर हात धरणारी पोरगी. एका रविवारी ती स्वरूपाच्या कानाशी लागली. "ताई, तुमच्या मशीनवर टाकलंय मला. तो सेन्सर कसा लावतात हो? माझ्या मशीनला तर त्याची वायरच नाही."

स्वरूपा तिथल्या तिथे साहेबरावांकडे गेली. ते माझ्याजवळ उभे राहून कुणाशी तरी रावेतच्या हॉलच्या फरशीचं बोलत होते.

"साहेब, तुम्ही शब्द दिला होता."

"कसला?"

"सेन्सरचा."

साहेबरावांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "स्वरूपा, तू सोडलंस ना? सगळ्यांसमोर सोडलंस. मग परत कशाला धरतेस? सोडलेलं परत धरायचं नसतं. विचार तुझ्या पास्टरांना."

सनी दोन पावलांवर होता. त्यानं ऐकलं. तो चहाचे कप गोळा करायला लागला.

पुढच्या रविवारी साक्ष द्यायची वेळ आली. साक्ष म्हणजे ज्याला देवाचा अनुभव सांगायचा आहे, त्यानं पुढे येऊन सांगायचं. स्वरूपा न बोलावता आली आणि माझ्यामागे उभी राहिली. "मी इन्स्पेक्टरला खोटं सांगितलं," ती म्हणाली. "सेन्सर बंद होता. अजून बंद आहे. आता तिथे पूनम बसते..."

पुढचं माइकमधून गेलं नाही. बटण माझ्या कप्प्यात होतं. ते कुणाच्या हातानं बंद केलं, हे मला सांगता येतं. त्या तळव्याचा घाम माझ्या ओळखीचा होता.

ती तरी बोलत राहिली, उघड्या आवाजात. पण पेटीवर गाणं सुरू झालं आणि टाळ्या वाजवत मंडळी उभी राहिली. गाण्याखाली तिचं तोंड हलताना तेवढं दिसत होतं. पहिल्या ओळीतली शालनबाई शेजारणीला म्हणाली, "बोटं गेली तरी जीभ हाय तशीच." पूनमनं आईचा दंड दाबला. "आई, ती खरं बोलतीय." शालनबाई म्हणाली, "गप. तुझी नोकरी घालवती का काय?"

स्वरूपाला दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नको म्हणून सांगितलं.

दिवाळीच्या आधी मालाची घाई असते. पूनमचा हात मनगटापासून गेला.

शालनबाई हॉलमध्ये आली तेव्हा उपासना चालू होती. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. साहेबराव पहिल्या ओळीत होते, त्यांच्यासमोरून ती गेली. सनीसमोरून गेली. मागच्या भिंतीला टेकून स्वरूपा उभी होती, तिच्यापर्यंत गेली आणि तिच्या थोबाडीत मारली.

"तुझ्या माफीनं माझ्या पोरीचा हात नेला," ती ओरडली. "तवाच खरं बोलली असतीस तर मशीनला कुलूप पडलं असतं. मोठी संतीण! आता दे ना हात. दे!"

स्वरूपानं तोंड वळवलं नाही. दुसरी थोबाडीत बसली तरी ती तशीच उभी राहिली. एवढी माणसं होती, पण मधे कुणी पडलं नाही. उलट सगळ्यांना थोडं बरं वाटत होतं. दोष कुठे ठेवायचा हे ज्यांना कळत नव्हतं, त्यांना जागा मिळाली होती.

पूनमच्या अपघाताच्या चौकशीत साहेबरावांनी स्वरूपाचा जुना जबाब पुढे केला. बघा, आधीही असंच झालं, पोरी बेफिकीर असतात. स्वरूपा जबाब बदलायला गेली, तर तिला विचारलं, "तेव्हा खोटं बोललात की आता? आणि मालक म्हणतात कामावरून काढल्याचा राग आहे."

रावेतचा हॉल तयार झाला. आमचा हॉल रिकामा करायचं काम सुरू झालं. पंखे उतरवले, खुर्च्या एकात एक घातल्या. सनी एकटा तारा गुंडाळत असताना स्वरूपा जिना चढून आली. ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली, जिथे मंडळी बसायची तिथे.

"पास्टर, एक विचारायचंय. प्रभूला पकडून नेलं, तेव्हा शिष्य त्याला सोडून पळून गेले. तिथे ग्रीक शब्द कुठला आहे?"

सनीच्या हातातली तार थांबली. खोटं बोलता आलं असतं. पण शब्दांच्या बाबतीत तो कधी खोटं बोलत नसे. त्याचा प्रामाणिकपणा तेवढ्यापुरता शिल्लक होता.

"तोच," तो म्हणाला.

"अफिएमी?"

"हो."

"कोळ्यांची जाळी सांगितली. ताप सांगितला. हे का नाही सांगितलं?"

"एका वर्गात सगळं येत नाही, स्वरूपा."

"तुम्ही मला माफ करायला लावलं, तेव्हा तुम्ही मला सोडत होता. शब्द एकच होता, म्हणून मला कळलं नाही."

सनी खाली बसला. तारेचं भेंडोळं मांडीवर घेऊन. "काय करू मी?" तो म्हणाला. "सांग. काय करू?"

"माझ्यासोबत चला. साहेब तुमच्यासमोर कबूल झाले होते का, की सेन्सर त्यांनी बंद करायला लावला?"

सनी तारेचं टोक भेंडोळ्यात खोचायला लागला.

"आईला वाटतं झाले असणार. म्हणूनच तुम्ही मूठ उघडायला लावलीत. खरं का?"

"हो."

"मग चला. तेवढंच सांगा तिथे. माझ्यासाठी नको. पूनमसाठी."

मी त्याच्याकडे बघत होतो. त्याला हो म्हणायचं होतं, हे मी शपथेवर सांगतो. त्याचे ओठही हलले. मग त्यानं रिकाम्या भिंतींकडे पाहिलं. "रविवारी नव्या हॉलचं समर्पण आहे," तो म्हणाला. "एवढी घरं... माझं घरही त्यांच्याच फ्लॅटमध्ये आहे. मला थोडा वेळ दे."

"पूनमला नव्हता वेळ."

ती जायला वळली. सनी घाईनं उठला. "स्वरूपा, मला माफ कर."

ती थांबली. तिचा चेहरा तेव्हा मला पूर्ण दिसला. रागावलेला नव्हता. मोजून मापून काम करणाऱ्या बाईचा चेहरा होता.

"नाही," ती म्हणाली.

"असं म्हणू नकोस. देवासमोर..."

"तुम्हाला नाही सोडणार मी. साहेबांनाही नाही. हे धरून ठेवणार आहे. मला एक हात आहे अजून."

ती जिना उतरून गेली. सनी माझ्या फळीवर डोकं ठेवून रडला. बराच रडला. मग तोंड धुतलं आणि उरलेल्या तारा गुंडाळल्या.

रावेतच्या हॉलमध्ये काचेचं पुलपिट आहे म्हणे, आतून दिवा लागतो. मला साहेबरावांनी टेम्पोत घालून कारखान्याच्या फाटकावर आणलं. माझ्या उतरत्या फळीखाली पाचर मारून ती सपाट केली आणि वर हजेरीचं यंत्र बसवलं. बोट टेकवलं की दिवा हिरवा होतो. शेडला आता दुसरं नाव आहे, कागदावर मालक साहेबरावांचा मेहुणा. प्रेस त्याच आहेत. फाटकावरचा पहारेकरी सोनबा माझ्यावर डबा ठेवून जेवतो.

शालनबाई पूनमला घेऊन गावी गेली. स्वरूपाशी ती परत बोलली नाही. चौकशी चालू आहे, असं लोक म्हणतात. ती कुठवर आली, हे कुणाला सांगता येत नाही.

स्वरूपा तळेगावकडे फुलांच्या शेडमध्ये काम करते. डाव्या हातानं गुलाबाच्या जुड्या बांधते. सुट्टीच्या दिवशी इथे येते, फाटकाबाहेर उभी राहते आणि कामावर येणाऱ्या पोरींना एकच सांगते, "आधी सेन्सर चालू आहे का विचारा. मग बसा." उजवा हात पदराखाली झाकत नाही.

"बाई, कशापायी हे?" सोनबा तिला म्हणतो. "माझी नोकरी जाईल."

"तुमची नोकरी जाईल, ह्या पोरींचा हात जाईल. आता तुम्हीच ठरवा."

सोनबा तिला हाकलतो आणि नंतर पाण्याची बाटली नेऊन देतो.

मधे एकदा नव्या मशीनसाठी प्रार्थना करायला सनी आला. गाडीतून उतरला, मला पाहिलं आणि बाजूनं गेला, जसं लोक ओळखीच्या माणसाला चुकवतात. परतताना स्वरूपा समोर आली.

"अजून?" त्यानं विचारलं.

"अजून," ती म्हणाली.

त्यानं गाडीची काच वर केली.

माझी पॉलिश गेली आहे. उन्हानं फळीला चीर पडली आहे. मला वाळवी लागावी असं मला मनापासून वाटतं. तुमच्यापैकी कुणी कधी या फाटकाशी आलात आणि मी मोडून पडलेला दिसलो, तर मला न्या आणि चुलीत घाला, एखाद्या घरी त्यावर भाकरी होईल. फक्त मला परत खिळे मारून उभं करू नका. माझ्यामागे उभं राहून कुणी कुणाला काही सोडायला सांगावं, हे आता नको.

गेल्या आठवड्यात नांदेडकडची एक नवी पोरगी आली. यंत्रावर बोट टेकवायच्या आधी थांबली आणि सुपरवायझर गणराजला म्हणाली, "आतल्या मशीनचा सेन्सर चालू हाय का?"

"कुणी शिकवलं तुला? त्या बाईनं?"

"चालू हाय का बंद, तेवढं सांगा."

"काम करायचंय का घरी जायचंय?"

 पोरीनं डब्याची पिशवी खांद्यावर नीट घेतली आणि मागे फिरली. फाटकाबाहेर स्वरूपानं तिला वाट करून दिली. काही बोलली नाही. दोघी थोडं अंतर सोबत चालत गेल्या.

"पुढची," गणराज ओरडला.

रांगेतली पुढची आली. तिच्याहून लहान असेल. बोट घामानं ओलं होतं, यंत्रानं घेतलं नाही. तिनं ते ओढणीला पुसलं आणि परत टेकवलं. दिवा हिरवा झाला. यंत्र म्हणालं, "थँक यू," आणि ती आत गेली.